घोडीच्या एकाच मागच्या पायाची सूज उतरते आणि परत चढते

रपेट:
नमस्कार मंडळी. चिखलाच्या दिवसांत माझ्या घोडीचा मागचा डावा पाय एका रात्रीत सुजला. सकाळी ठाणावर गेले तर खुरापासून मांडीपर्यंत पाय नुसता खांब झालेला. हात लावू देईना, पाय टेकेना, ताप १०४ अंश फॅरनहाइट. डॉक्टरांनी लिम्फॅन्जायटिस, म्हणजे लसीकावाहिन्यांचा (अंगात साचणारं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्यांचा) दाह, असं निदान करून अँटिबायोटिक आणि सुजेवरची इंजेक्शनं दिली. ताप गेला, लंगडणं थांबलं, वैरण नीट खाते. पण पाय काही दुसऱ्या पायासारखा होत नाही. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. रात्रभर उभी राहिली की सकाळी पाय जाड, फिरवून आणली की निम्मी सूज कमी. रात्री पट्टी बांधावी का? लघवी होण्याचं इंजेक्शन देऊन सूज उतरते असं एकांनी सांगितलं, ते खरं का? आणि खोगीर कधी घालू? तिचे हाल बघवत नाहीत.

नालबंद:
दोन्ही मागचे पाय सारखेच सुजत असते आणि चालल्यावर पूर्ण उतरत असते तर मी म्हटलं असतं, उभं राहून राहून येतेय. एकच पाय आहे म्हणजे त्या पायातच काहीतरी आहे. अल्ट्रासाऊंड झालाय का? आत पू साठलाय का, शिरेला (टेंडनला) इजा आहे का, ते त्यात दिसतं. खुराचा तळही तपासून घ्या.

खरारा:
ताई, माझ्याकडच्या अबलख घोड्याचा असाच एक पाय मी कित्येक वर्षं सांभाळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मनाची तयारी करा. एवढा मोठा दाह होऊन गेला की लसीकावाहिन्यांना कायमची इजा राहू शकते. मग पाय थोडा जाडच राहतो आणि तसा पाय पुन्हा सुजायची शक्यता जास्त. त्यामुळे इंजेक्शनांवर इंजेक्शनं देऊन पाय पूर्वीसारखा करण्याच्या मागे लागू नका, पुढचा झटका टाळण्यावर जोर द्या. मात्र अँटिबायोटिकचा कोर्स डॉक्टर सांगतील तोवर पुरा करा. ताप उतरला म्हणून मध्येच सोडलेला कोर्स फार महागात पडतो.

घोड्याच्या पायाला खालच्या भागात स्नायू जवळजवळ नसतातच. खूर जमिनीवर टेकतो, सांधे वाकतात, त्या हालचालीनं पाणी वर ढकललं जातं. घोडी ठाणाला बांधलेली राहिली की ते तिथंच साचतं. म्हणून चालवणं हेच मुख्य औषध. एकदाच लांब न्यायचं आणि मग दिवसभर बांधायचं, यापेक्षा थोड्या थोड्या वेळानं हातात धरून फिरवा. मोकळं सोडायला जागा असेल तर त्याहून उत्तम. लघवीच्या इंजेक्शनानं शरीरातलं पाणी कमी होतं, पण इथली अडचण वाहिन्यांची आहे. मी ते देणार नाही.

पट्टी जरूर बांधा, पण आत कापसाची जाड गादी हवीच. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे, ताण खालपासून वरपर्यंत सारखा आणि सुरकुती एकही नको. एका जागी आवळली गेली तर शिरेला इजा होते, आणि ती या सुजेपेक्षा वाईट. रोज सोडून कातडी बघायची. पाय गरम आणि दुखरा असेल तेव्हा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नका. त्या वेळी थंड पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडा आणि नंतर पाय अगदी कोरडा करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खुराच्या मागच्या खोबणीतले केस बाजूला करून उजेडात बघा. तिथं खपली, भेग, ओलसरपणा आहे का? जंतूंना आत शिरायला राईएवढी भेग पुरते, आणि कधी कधी ती सापडतच नाही.

टापा:
पायावर वर चढत जाणाऱ्या रांगेत गाठी आल्या आणि त्या फुटून पू येऊ लागला, तर उघड्या हातानं अजिबात शिवू नका. घोडी वेगळी बांधा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. ग्लँडर्स या जंतूंच्या रोगात असं होतं आणि तो माणसालाही होतो. पोटाखालीही सूज आणि ताप येऊन जाऊन असेल तर ‘सर्रा’ या रक्तातल्या परजीवीच्या रोगासाठी रक्त तपासून घ्या.

रपेट:
खरारादादा, आत्ताच बघून आले. खोबणीत केसांखाली करड्या खपल्या आहेत, एक भेग ओली आहे. गाठी नाहीत, पोट ठीक आहे. अल्ट्रासाऊंडसाठी डॉक्टरांना कळवलंय. खपल्या काढून टाकू का?

खरारा:
कोरड्या ओढू नका, तिला दुखेल आणि कातडी उघडी पडेल. केस कातरून घ्या, पातळ केलेल्या क्लोरहेक्झिडिननं (जंतुनाशकानं) भिजवा, दहा मिनिटं थांबा. मऊ झालेल्या आपोआप सुटतील तेवढ्याच काढा. मग धुऊन स्वच्छ फडक्यानं टिपा, खोबणीत ओल राहता कामा नये. डॉक्टर आले की खरवडून किडीसाठीही तपासायला सांगा. दाट केसांच्या पायात बारीक किडे असले तर ती सतत पाय आपटते, चावते.

रोज सकाळी फिरवण्याआधी ताप बघा आणि पायाचा घेर टेपनं मोजून लिहून ठेवा. मोजायची जागा चुकू नये म्हणून तिथले चार केस कातरून खूण करा. तापाचा आकडा १०१.५ च्या वर गेला किंवा पाय गरम लागला, तर उद्यावर ढकलू नका.

खोगिराचं म्हणाल तर, अल्ट्रासाऊंड स्वच्छ आला, भेग बुजली आणि दुडक्या चालीत ती लंगडत नसली की डॉक्टरांना विचारून हलक्या चालीनं सुरू करा. थोडी सूज शिल्लक असली तरी हरकत नाही. तोवर उजव्या पायावरही लक्ष असू द्या, इतके दिवस सगळा भार त्यानं घेतलाय. त्याचा खूर गरम लागला किंवा खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी जोरात उडताना हाताला लागली, तर लॅमिनायटिसची (खुराच्या आतल्या थराच्या दाहाची) शंका धरून डॉक्टरांना लगेच फोन करा.