'काय निघालं त्यात?' याला मराठीत उत्तर काय द्यावं?

सातारी
मंडळी, एका शब्दावर अडले आहे. वय ४४. गेल्या महिन्यात माझं मूल्यमापन पूर्ण झालं. अहवालात 'ऑटिझम स्पेक्ट्रम' लिहिलंय. बोलताना मानसतज्ज्ञ म्हणाल्या, पूर्वी याला आस्परगर सिंड्रोम म्हटलं असतं. मेंदूची ही ठेवण जन्मापासूनची असते, म्हणून मोठेपणी तपासतानाही लहानपणची हकिगत लागते. त्यासाठी त्या आईशी फोनवर तासभर बोलल्या. आई ७३ वर्षांची. तिने सांगितलं, "पोरगी लहानपणापासून शिष्ट. पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायची. पण एसटीचं वेळापत्रक विचारा, घडाघडा म्हणून दाखवायची." आता रोज विचारते, "काय निघालं गं त्यात?" 'स्वमग्न' म्हणावं तर तिला 'स्वतःतच मश्गूल' असं ऐकू येणार, म्हणजे पुन्हा शिष्टच. दुसरा शब्द आहे का?

घाटमाथा
ताई, स्वमग्नता हाच रूढ शब्द आहे. वर्तमानपत्रांत आहे, सरकारी कागदांवर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्याचं मराठी हेच करतात. रुजलेला शब्द उपटू नये. ऐकणाऱ्याला अर्थ समजावून सांगावा.

रानजाई
रुजला म्हणून बरोबर ठरत नाही. 'मग्न' हे मज्ज् धातूचं रूप, म्हणजे बुडालेला. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, तो पंख्यांत बुडालेला असतो. कुणाच्याही घरी गेलो की आधी वर बघतो, पाती मोजतो, रेग्युलेटर जुना खटक्याचा आहे की नवा ते बघतो. 'स्व' त्यात सगळ्यात शेवटी येतो. भूक लागलीय हेसुद्धा त्याला मी सांगावं लागतं. अशा मुलाला स्वमग्न म्हणताना माझी जीभ अडते.

पैलतीर
यात मराठीची चूक नाही. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ च्या ग्रंथात 'ऑटिझम' वापरला तो ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून; आणि तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात. पुढे अमेरिकेत डॉक्टर कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि व्हिएन्नात डॉक्टर आस्परगर यांनी १९४४ मध्ये तोच शब्द मुलांसाठी वापरला. मराठीने इमानाने भाषांतर केलं, मुळातली गल्लतही सोबत आली.
आणि ताई, आस्परगरही घरात नकोच. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये ते नाव पुढे आणलं, पण २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची निदान-पुस्तिका) ते वेगळं निदान म्हणून उरलं नाही. २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकाराचं संशोधन आलं. आस्परगर यांनी काही मुलांना व्हिएन्नातल्या 'आम श्पीगेलग्रुंड' या दवाखान्यात पाठवल्याची कागदपत्रं त्यात आहेत. नाझी काळात तिथे अपंग मुलांना मारत असत.

सातारी
ते वाचलं होतं. दोन दिवस घास उतरला नाही. तरीही खरं सांगते, ३९ व्या वर्षी माझ्यासारखी माणसं मला पहिल्यांदा भेटली ती त्याच नावाखाली. ते नाव टाकायला हवं हे पटतं. पण त्याच दारातून मी आत आले, त्यामुळे टाकताना हात थरथरतो.

घाटमाथा
नावाचा उच्चारही एकदा ठरवा. अस्पर्जर की आस्परगर?

पैलतीर
जर्मन आहे. 'ग' घ्या.

औषधी
पैलतीर, तुम्ही 'निदान' सहज वापरलंत म्हणून लिहिते. आयुर्वेदात निदान म्हणजे मुळात कारण. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती या पंचकातलं ते पहिलं. माधवकराच्या ज्या ग्रंथाला आपण 'माधवनिदान' म्हणतो त्याचं नाव 'रोगविनिश्चय'. रोग ओळखण्याला विनिश्चय हाच नेमका शब्द.

घाटमाथा
"डॉक्टरांनी विनिश्चय केला" असं कोण म्हणतं? मग तुमच्या न्यायाने 'निदान'ही सोडा आणि "निदान एक फोन तरी कर"मधलं 'निदान'ही सोडा.

रानजाई
दोघेही थांबा. हा रोग नाही, तर 'रोगविनिश्चय' कशाला? मोठ्या माणसांबाबत मी 'उमगणं' म्हणेन. 'कळणं' बाहेरून येतं, कुणीतरी सांगतं. 'उमगणं' आतून होतं. ताईंना अहवालातून कळलं असेल, पण उमगलं ३९ व्या वर्षीच.

सातारी
रानजाई, हे फार नेमकं लिहिलंत. त्या वर्षी मला एक एक जुनी गोष्ट उलगडत गेली. सातवीत असताना सायकल मागितली. दादा (वडील) म्हणाले, "बघू." मी दुसऱ्या दिवशी विचारलं, काय बघितलं? महिनाभर रोज विचारलं. शेवटी पाठीत धपाटा बसला. सगळ्या भावंडांना 'बघू' म्हणजे 'नाही' हे ठाऊक होतं, मला कुणी सांगितलंच नव्हतं. गणपतीत "नारळ वाढव" म्हणाले तेव्हा मी आणखी दोन नारळ आणून ठेवले. शेजारच्या काकू "या एकदा जेवायला" म्हणाल्या आणि मी येत्या रविवारी साडेबाराला त्यांच्या दारात उभी. त्यांचा चेहरा अजून दिसतो. व्याकरणाच्या तासाला अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवल्या तेव्हा मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. घरात मात्र सगळे व्यंजनेत बोलत आणि मी अभिधेत उभी.

पैलतीर
'शिष्ट'बद्दल एक. संस्कृतात 'शास्'वरून शिष्ट म्हणजे शिकवलेला, सुसंस्कृत. मराठीत त्याचा आढ्यताखोर कसा झाला हे बघण्यासारखं आहे. पण 'शिष्'वरूनही शिष्टच होतं, म्हणजे मागे राहिलेला, उरलेला. अवशिष्ट म्हणतो तसा.

सातारी
उरलेली. हो. शाळेत गट पाडायचे तेव्हा.

माणदेशी
मी उशिरा आलो. ताईंच्या आईंना कळेल असा शब्द आपल्याकडे आहेच की, 'एककल्ली'. कल एकाच बाजूला. २००५ मध्ये मरे, लेसर आणि लॉसन या संशोधकांनी 'मोनोट्रॉपिझम' मांडलं, तेही हेच सांगतं : लक्ष एका वेळी एकाच ओढ्यातून जोरात वाहतं, म्हणून बाकीच्या वाटा कोरड्या पडतात. एसटीचं वेळापत्रक काय, पंखे काय.

औषधी
एककल्ली ही शिवी आहे. आमच्याकडे हट्टी, दुसऱ्याचं न ऐकणाऱ्या माणसाला म्हणतात.

माणदेशी
आमच्याकडे सुताराला म्हणायचे, कौतुकाने. एककल्ली माणूस, पण काम असं की बोट फिरवावं.

घाटमाथा
आणि 'कल'वरून आला असता तर 'ल' दुहेरी कशाला झाला? मला वाटतं 'कल्ला'वरून, म्हणजे गालफड. एकाच कल्ल्याने चावणारा. माझे आजोबा बैलाबद्दल बोलताना असं काही म्हणायचे.

माणदेशी
बैल दोन्ही कल्ल्यांनी चावतो हो. मी राखलेत.

सातारी
काल रात्री आईशी बोलले. शब्द कुठलाच वापरला नाही. 'बघू'ची गोष्ट सांगितली, काकूंच्या जेवणाची सांगितली. माळ्यावर का जात होते तेही सांगितलं : सात-आठ माणसं एकदम बोलायला लागली की सगळे आवाज सारखेच मोठे होतात आणि मला एकही ऐकू येत नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तात्यांचंही हेच होतं का गं?" तात्या म्हणजे तिचे वडील. रोज बारा वाजून पाच मिनिटांनी जेवायला बसत, पाट सरकवलेला दिसला तर न जेवता उठत. घरात कुणी लग्नाचं काढलं की परसात निघून जात. "त्यांना शेवटपर्यंत सगळे बोलत राहिले," म्हणाली. "मीपण."

रानजाई
ताई, तात्यांना गावात काय म्हणत?

सातारी
विचारते. आज फोन उचलला नाही तिने.

घाटमाथा
'कल्ला'चं मी अजून सोडलेलं नाही. कुणाकडे जुना कोश असेल तर 'एककल्ली' काढून बघा.