कॉम्रेड्सला (दक्षिण आफ्रिकेतली लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत) निघालेल्या सातारकरांसाठी
"प्रवासाचा विमा काढला की झालं ना?" असं एकाने विचारलंय. नाही झालं. शर्यतीतली दुखापत पॉलिसीत धरलीय का ते वाचा, बऱ्याचदा ती वगळलेली असते.

यवतेश्वर घाटात सोबत पळणाऱ्या एका दादांनी स्वस्त पडतं म्हणून डर्बनचं तिकीट अदिस अबाबामार्गे काढलं, मध्ये 14 तास थांबा. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या अशा देशात 12 तासांच्या वर थांबलात तर दक्षिण आफ्रिकेत पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मागतात, आणि लस किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. तिकिटाआधी हे बघाच, कळकळीने सांगतोय.

बिबच्या (छातीवर लावायच्या शर्यतीच्या नंबरपट्टीच्या) मागे घरचा फोन नंबर, रक्तगट, औषधाची ॲलर्जी लिहा. बॉलपेनने नको, पक्क्या मार्करने. घामाने अक्षरं फिसकटतात. मोबाईलवरून 112 तिकडेही लागतो.