रास्पबेरी पायला तारेच्या जोडणीवर आयपी पत्ता मिळत नाही

प्रश्न (महाल, नागपूर)
नमस्कार. आमच्या अभ्यासिकेत हजेरीच्या नोंदीसाठी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक बसवलेला आहे. त्याचे मेमरी कार्ड खराब झाल्यामुळे तो चार दिवस घरी नेऊन नव्या कार्डावर त्याच्या कार्यप्रणालीची बुकवर्म आवृत्ती टाकली. घरच्या राउटरवर तो व्यवस्थित चालला, परंतु अभ्यासिकेत परत जोडल्यापासून ‘आयपी ए’ ही कमांड दिली असता एफई८० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता तेवढा दिसतो; राउटरकडून मिळणारा १९२.१६८ चा पत्ता येतच नाही. पूर्वीप्रमाणे ‘डीएचसीपीसीडी’ या जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये १९२.१६८.१.२० हा पत्ता लिहून पाहिला, त्याचाही उपयोग झाला नाही. त्याच केबलला माझा नेहमीचा लॅपटॉप लावला तर त्याला पत्ता लगेच मिळतो. मुलांची हजेरी सध्या वहीत लिहावी लागत आहे, कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
फाइलचा उपयोग न होण्याचे कारण सरळ आहे. २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्मपासून जोडणीचा कारभार नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रामकडे गेला असून ती जुनी फाइल आता कोणी वाचतच नाही. पत्ता कायमचा नेमायचा असल्यास ‘एनएमटीयूआय’ हा त्याचा सेटिंगचा पडदा उघडून तारेच्या जोडणीत आयपीव्ही४ ‘मॅन्युअल’ करावे आणि पत्त्यापुढे /२४ (नेटवर्कचा आवाका) लिहायला विसरू नये. केबल बदलण्याच्या खटपटीत पडू नका. एफई८० चा पत्ता यंत्र स्वतःच तयार करते, पण तार जिवंत असल्याशिवाय तो उमटत नाही.

उत्तर २
वरील उत्तर योग्य आहे, तथापि घरी आपोआप मिळणारा पत्ता अभ्यासिकेत का मिळत नाही, हे त्यातून उलगडत नाही. लॅपटॉपला पत्ता मिळतो याचा अर्थ राउटरकडे पत्ते शिल्लक आहेत असा होत नाही, कारण रोज येणाऱ्या यंत्राला राउटर बहुधा त्याचाच जुना पत्ता पुन्हा देतो. पाय मात्र चार दिवस बाहेर होता, त्यामुळे त्याची जागा दुसऱ्याला गेली असावी. विद्यार्थी घरी गेला तरी त्याच्या फोनला दिलेला पत्ता मुदत संपेपर्यंत अडकूनच राहतो. राउटरच्या पानावर डीएचसीपीची (आपोआप पत्ते वाटण्याची) मर्यादा आणि मुदत पाहावी, तसेच नेटवर्क मॅनेजरच्या नोंदी ‘जर्नलसीटीएल’ या कमांडने तपासाव्यात; नेटवर्क मॅनेजर ४५ सेकंद राउटरच्या उत्तराची वाट पाहून प्रयत्न सोडतो.

प्रश्नकर्ता
आपण दोघांनीही नेमके सांगितले. राउटरमध्ये १०० ते १४९ असे ५० च पत्ते होते, मुदत २४ तासांची होती आणि यादी अगदी १४९ पर्यंत भरलेली होती. त्यात बहुतेक विद्यार्थ्यांचे फोन होते. मुदत २ तासांवर आणली, वरची मर्यादा २४० केली आणि पायला ‘एनएमटीयूआय’मधून १९२.१६८.१.२० हा त्या टप्प्याबाहेरचा पत्ता दिला. रीस्टार्ट केल्यावर ‘आयपी ए’मध्ये तो पत्ता दिसला आणि संध्याकाळच्या तुकडीची हजेरी यंत्रावर झाली. दोघांचेही मनापासून आभार.