अल्गोरिदमच्या अभ्यासक्रमात नेमके काय अपेक्षित असते?

प्रश्न : पुढच्या सत्रात मी अल्गोरिदम हा विषय घेणार आहे. प्रोग्रॅमिंग बऱ्यापैकी जमते, परंतु गणिताचा सराव सुटला आहे. या विषयात कोड जास्त लिहावा लागतो की सिद्धता?

उत्तर १ : बहुतेक ठिकाणी सिद्धता. समजा, १, ३ आणि ४ किमतीची नाणी आहेत आणि ६ ही रक्कम कमीत कमी नाण्यांत द्यायची आहे. दर वेळी सर्वांत मोठे नाणे उचलणारी ग्रीडी पद्धत ४, १, १ अशी तीन नाणी देते, प्रत्यक्षात मात्र ३ आणि ३ ही दोनच पुरतात. मनाला पटलेली पद्धतही अशी फसू शकते, म्हणूनच सिद्धता मागतात. इंडक्शनचा (पहिल्या पायरीपासून एकेक पायरी पुढे जात विधान सर्व संख्यांसाठी सिद्ध करण्याच्या पद्धतीचा) सराव आतापासूनच सुरू करावा.

उत्तर २ : सहमत आहे. लॉगॅरिदमचीही उजळणी करावी. क्रमाने लावलेल्या १० लाख नोंदींत बायनरी सर्चला, म्हणजे दर वेळी मधल्या नोंदीशी तुलना करत शोधण्याला, फार तर २० तुलना लागतात, कारण प्रत्येक तुलनेनंतर उरलेला भाग निम्मा होतो; असे किती वेळा निम्मे करावे लागेल, हे लॉगॅरिदम सांगतो.

उत्तर ३ : माझी खरी दमछाक डायनॅमिक प्रोग्रॅमिंगने केली, म्हणजे मोठा प्रश्न लहान उपप्रश्नांत तोडून त्यांची उत्तरे साठवत पुढे जाण्याच्या पद्धतीने. उत्तरे वाचून सगळे समजल्यासारखे वाटायचे, पण कोऱ्या कागदावर उपप्रश्न कोणता धरायचा हेच सुचत नसे. मग मी लहान उदाहरणांचे तक्ते हाताने भरू लागलो, आणि रिकरन्स (मोठ्या प्रश्नाचे उत्तर लहान उपप्रश्नांच्या उत्तरांवरून काढणारी सूत्रे) हळूहळू आपोआप दिसू लागले. गृहपाठाला म्हणूनच पहिल्या दिवशी हात घालावा. एखादा प्रश्न दोन दिवस डोक्यात घोळत राहणे या विषयात अगदी स्वाभाविक आहे.