हिमोग्लोबिनच्या दोन रचनांतील संपर्कांची तुलना : ऑक्सिजनयुक्त रचनेत अल्फा-१ बीटा-२ पृष्ठभाग का दिसत नाही?

प्रश्न — प्रतापगंजची विद्यार्थिनी, वडोदरा

नमस्कार. मी वडोदऱ्यात जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी मानवी हिमोग्लोबिनच्या (दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्यांच्या प्रथिनाच्या) दोन रचना घेतल्या आहेत. ऑक्सिजनविरहित अवस्थेसाठी प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या संग्रहातील २एचएचबी ही १.७४ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) रेझोल्यूशनची, आणि ऑक्सिजनयुक्त अवस्थेसाठी १एचएचओ ही २.१ अँगस्ट्रॉमची. ऑक्सिजन बांधला गेल्यावर साखळ्यांमधले कोणते रेसिड्यू (साखळीतील अमिनो आम्ले) एकमेकांपासून दूर जातात आणि कोणते नव्याने जवळ येतात, हे मला जोडी-जोडीने दाखवायचे आहे.

बायोपायथन या संगणकीय साधनसंचात मी एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. दोन रेसिड्यूंच्या सी-अल्फा (रेसिड्यूचा मध्यवर्ती कार्बन) अणूंमधले अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर तो ती जोडी संपर्कात आहे असे धरतो. ऑक्सिजनविरहित रचनेत अल्फा-१ बीटा-१ आणि अल्फा-१ बीटा-२ हे दोन्ही पृष्ठभाग (एका अल्फा साखळीचे दोन बीटा साखळ्यांशी होणारे स्पर्श) दिसतात. ऑक्सिजनयुक्त रचनेत मात्र अल्फा-१ बीटा-२ पृष्ठभागावर प्रोग्राम सरळ शून्य छापतो. ऑक्सिजन आल्यावर या पृष्ठभागाची मांडणी बदलते असे मी वाचले आहे, पण तो संपूर्ण सुटून जातो असे कोठेच आढळले नाही. शिवाय कटऑफ (अंतराची मर्यादा) ७ केला की आकडे एक सांगतात आणि १० केला की दुसरेच. मी कोणता कटऑफ बरोबर मानावा, आणि हे शून्य खरे आहे की माझी चूक आहे, हे कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ — दांडिया बाजार, निवृत्त अध्यापक

तुमचे शून्य खरे नाही. मात्र चूक तुमच्या अंतराच्या गणितात नाही, फाईलच्या अर्थात आहे.

स्फटिकाच्या रचनेत जो सर्वांत लहान भाग सममितीने पुन्हा पुन्हा मांडला की अख्खा स्फटिक उभा राहतो, त्याला असममित एकक म्हणतात, आणि डेटा बँकेतील मूळ फाईलमध्ये तेवढाच भाग दिलेला असतो. २एचएचबीमध्ये त्या एककात चारही साखळ्या आहेत. १एचएचओमध्ये एक अल्फा आणि एक बीटा एवढ्या दोनच साखळ्या आहेत, कारण त्या स्फटिकात रेणूचा स्वतःचा द्विगुणित अक्ष स्फटिकाच्या सममिती-अक्षावरच येतो आणि उरलेला अर्धा रेणू त्या अक्षाभोवती फिरवून मिळवायचा असतो. जी साखळी फाईलमध्ये नाहीच, तिच्याशी होणारा संपर्क प्रोग्रामला सापडणार तरी कोठून? त्याने शून्य छापले यात त्याचा दोष नाही, पण त्या शून्याला तुम्ही जैविक अर्थ देऊ लागला होता. अशा चुकीतूनच आकर्षक दिसणारे खोटे निष्कर्ष जन्माला येतात, म्हणून हे थोडे कठोरपणे सांगतो.

तुम्हाला जैविक एकक, म्हणजे शरीरात असतो तसा चार साखळ्यांचा पूर्ण रेणू, हवे. ते तयार करण्याच्या सूचना फाईलच्या रिमार्क ३५० मध्ये असतात, आणि डेटा बँकेच्या संकेतस्थळावरून तयार जैविक एककही उतरवता येते. येथे आणखी एक खाच आहे. जुन्या पीडीबी स्वरूपातील जैविक एककात दुसरी प्रत बहुधा दुसरे मॉडेल म्हणून ठेवलेली असते आणि तिच्या साखळ्यांची नावेही तीच, ए आणि बी, असतात. तुमचा प्रोग्राम फक्त पहिले मॉडेल वाचत असेल, तर बरोबर फाईल घेऊनही शून्यच येईल. एमएमसीआयएफ हे नवे फाईल-स्वरूप घ्या. त्यात प्रतीच्या साखळ्यांना ए-२, बी-२ अशी वेगळी नावे मिळतात.

संख्या मोजण्यापूर्वी दोन्ही रचना पडद्यावर उघडून डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घ्या. दोन साखळ्या आणि चार साखळ्या यांतला फरक तेथे क्षणात लक्षात येतो.

उत्तर २ — रचनाजीवशास्त्राचा संशोधक, वडोदरा

फाईलचा मुद्दा सरांनी सविस्तर सांगितला आहे, म्हणून मी कटऑफविषयी लिहितो.

सर्व कामांना चालेल असा एकच बरोबर कटऑफ नसतो, कारण ‘संपर्क’ या शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. सी-अल्फा किंवा सी-बीटा (सी-अल्फाला जोडलेला पुढचा कार्बन) अणूंमधले ८ अँगस्ट्रॉम हे माप प्रथिनाच्या घडीचा ढोबळ नकाशा काढण्यासाठी सोयीचे आहे, आणि रचनेचे भाकीत तपासणाऱ्या स्पर्धांत सी-बीटाचे माप रूढ आहे. ग्लायसिनला सी-बीटा नसल्यामुळे तेथे सी-अल्फा घेतात. तुमचा प्रश्न मात्र बाजूच्या साखळ्यांचा, म्हणजे प्रत्येक रेसिड्यूपासून बाहेर निघणाऱ्या गटांचा, आहे. आर्जिनिनची बाजूची साखळी पूर्ण ताणली तर तिचे टोक सी-अल्फापासून सुमारे ७ अँगस्ट्रॉम दूर जाते. म्हणजे दोन सी-अल्फांमध्ये १० अँगस्ट्रॉमहून अधिक अंतर असतानाही टोकाशी मजबूत सॉल्ट ब्रिज (विरुद्ध विद्युतभारांमधला बंध) असू शकतो. उलट दोन सी-अल्फा ७ अँगस्ट्रॉमवर असून त्यांच्या बाजूच्या साखळ्या परस्परांकडे पाठ करून असतील, तर त्या जोडीला संपर्क म्हणण्यात फारसा अर्थ नाही.

म्हणून हायड्रोजन सोडून इतर सर्व अणू घ्या आणि एका रेसिड्यूचा कोणताही अणू दुसऱ्याच्या कोणत्याही अणूपासून ४.५ अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर संपर्क धरा. त्यानंतर त्यातून प्रकार वेगळे काढा : हायड्रोजन बंधासाठी नायट्रोजन व ऑक्सिजन यांत सुमारे ३.५ अँगस्ट्रॉमपर्यंत, सॉल्ट ब्रिजसाठी विरुद्ध भारांच्या अणूंमध्ये ४ अँगस्ट्रॉमपर्यंत. कटऑफ ४, ४.५ आणि ५ असा बदलून पाहा. तिन्हींत टिकणारी जोडी निर्धास्तपणे मांडा. जी केवळ एकाच कटऑफला उगवते तिच्यावर निष्कर्ष उभारू नका.

प्रोग्राम बरोबर चालतो की नाही हे तपासण्यासाठी हिमोग्लोबिनइतके चांगले प्रथिन मिळणे अवघड आहे, कारण यातील बदल हिमोग्लोबिनची रचना उलगडणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांच्या १९७० च्या मांडणीपासून बारकाईने अभ्यासले गेले आहेत. ऑक्सिजनविरहित रचनेत अल्फा टायरोसिन ४२ आणि बीटा अ‍ॅस्पार्टेट ९९ यांच्यात हायड्रोजन बंध मिळायला हवा. ऑक्सिजनयुक्त रचनेत तो सुटतो आणि त्याऐवजी अल्फा अ‍ॅस्पार्टेट ९४ व बीटा अ‍ॅस्पॅराजिन १०२ यांचा बंध येतो. तिसरी खूण मला सर्वांत सुंदर वाटते. बीटा हिस्टिडिन ९७ ऑक्सिजनविरहित अवस्थेत अल्फाच्या थ्रिओनिन ४१ आणि प्रोलिन ४४ यांच्यामध्ये बसलेला असतो, आणि ऑक्सिजनयुक्त अवस्थेत हेलिक्सचा (साखळीच्या मळसूत्रासारख्या भागाचा) एक वेढा ओलांडून थ्रिओनिन ३८ आणि ४१ यांच्यामध्ये जाऊन बसतो. मधल्या जागी तो टिकत नाही. एका खाचेतून थेट दुसऱ्या खाचेत जातो. ८ अँगस्ट्रॉमच्या सैल मापात ही उडी पुसट होण्याचा धोका आहे. अणुपातळीवर मोजले तर प्रोलिन ४४ चा संपर्क गेला आणि थ्रिओनिन ३८ चा आला, असे थेट हाती लागते.

दोन सूचना राहिल्या. हीम (ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त गट) आणि पाणी यांचे अणू रेसिड्यूंच्या यादीत मिसळू देऊ नका. हीमचे संपर्क वेगळे ठेवा. आणि एकाच साखळीतले शेजारी वगळण्यासाठी अनुक्रमांकांतील फरकाची अट घातली असेल, तर ती दोन वेगळ्या साखळ्यांना लागू होत नाही ना, हे पाहा. अल्फाचा ४१ आणि बीटाचा ४० हे आकड्यांनी शेजारी दिसले, तरी साखळीच्या मुख्य कण्याने जोडलेले शेजारी नव्हेत.

प्रश्नकर्ती

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. मी एमएमसीआयएफ स्वरूपातील जैविक एकक घेऊन सर्व अणूंवर पुन्हा मोजणी केली, आणि टायरोसिन ४२ – अ‍ॅस्पार्टेट ९९ ही जोडी ऑक्सिजनविरहित रचनेत, तर अ‍ॅस्पार्टेट ९४ – अ‍ॅस्पॅराजिन १०२ ही जोडी ऑक्सिजनयुक्त रचनेत मिळाली. हिस्टिडिन ९७ ची उडीही दिसली, तेव्हा फार आनंद झाला. अनुक्रमांकांतील फरकाची अट माझ्याकडून खरोखरच सर्व साखळ्यांना लागली होती; ती दुरुस्त केली.

आता सिकल सेलच्या हिमोग्लोबिनकडे वळण्याचा विचार आहे. आमच्या शेजारच्या छोटा उदेपूर आणि नर्मदा जिल्ह्यांतील आदिवासी समाजात हा आजार बराच आढळतो, म्हणून मार्गदर्शकांनीही तोच विषय सुचवला आहे. त्यासाठी २एचबीएस ही रचना घेतली आहे. तेथेही केवळ जैविक एकक घेऊन स्फटिकातील शेजारच्या रेणूंशी होणारे संपर्क टाकून द्यावेत का?

उत्तर ३ — दांडिया बाजार, निवृत्त अध्यापक

नाही, येथे नेमके उलट करावे लागेल. मी वर जैविक एककाचा आग्रह धरला होता, म्हणून हे सांगणे माझ्याकडेच लागते.

एरवी स्फटिकात शेजारच्या रेणूंशी होणारे स्पर्श हे स्फटिक बनण्याचे उपफळ असतात आणि आपण ते बाजूला ठेवतो. सिकल सेलमध्ये मात्र आजारच रेणूंच्या एकमेकांना चिकटण्याचा आहे. ऑक्सिजनविरहित अवस्थेत हिमोग्लोबिन एसचे, म्हणजे सिकल सेलच्या हिमोग्लोबिनचे, रेणू लांब तंतू बनवतात, आणि त्या तंतूंचा मूळ घटक असलेली दुहेरी माळ स्फटिकातही आढळते. २एचबीएसच्या असममित एककात दोन पूर्ण चतुष्टये (चार साखळ्यांचे रेणू), म्हणजे आठ साखळ्या आहेत. सममितीने शेजारच्या प्रतीही तयार करून मगच मोजणी करा, आणि एका रेणूच्या बीटा व्हॅलिन ६ च्या भोवती दुसऱ्या रेणूच्या बीटा साखळीतील फेनिलअ‍ॅलानिन ८५ व ल्यूसिन ८८ येतात का, ते पाहा. निरोगी हिमोग्लोबिनात या सहाव्या जागी असलेला मूळ ग्लुटामेट भारित असल्यामुळे त्या पाणी टाळणाऱ्या खोबणीत बसत नाही, व्हॅलिन बसतो.

क्रमांकांच्या बाबतीत सावध राहा. प्रथिनाच्या फाईलमध्ये हा व्हॅलिन सहावा असतो, पण जनुकीय अहवालांत सुरुवातीचा मेथिओनिन धरून त्याच जागेला ७ म्हणतात. आणि दोन बीटा साखळ्यांच्या संपर्कांची सरासरी काढू नका. दुहेरी माळेतील या आडव्या स्पर्शात प्रत्येक चतुष्टयाचा एकच व्हॅलिन ६ भाग घेतो; दुसऱ्याचे आकडे वेगळ्या स्तंभात लिहा.