मुंबई मॅरेथॉन, १९ जानेवारी: पहिली फुल आहे, चार आठवडे उरलेत, काय करू आणि काय नको?

मनू_ठाकुर्ली | २२ डिसेंबर २०२४
नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्रच असते पण आता राहवत नाहीये म्हणून धागा काढतेय. १९ जानेवारीला मुंबईची फुल (म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, ४२.१९५ किमी) पळणार आहे, आयुष्यातली पहिली. हाफ (२१ किमी) बऱ्याच झाल्यात, बेस्ट टाइम २ तास २० मिनिटं. कालचा लाँग रन ३० किमी झाला, शेवटी शेवटी निम्मं चालतच काढलं आणि आज जिना उतरताना कठडा सोडवत नाहीये. रेसच्या आधी एकदा ३६-३८ पळून बघू का? ग्रुपमधले अर्धे म्हणतात पळ, मनातली भीती जाते, बाकीचे म्हणतात वेड लागलंय का. दुसरं म्हणजे पेडर रोडच्या चढाबद्दल इतकं ऐकलंय की झोपेत पण तोच दिसतो. मनात सब-फाइव्ह, म्हणजे पाच तासांच्या आत, आहे, जमेल का ते खरंखरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको. आणि आमच्या बाजूचे लोक पहाटे पाचच्या आत सीएसएमटीला पोचतात कसे? नवरा आणि मुलगी बघायला येणार म्हणतायत, त्यांना कुठे उभं करू?

घाटातला_सातारकर
३६-३८ अजिबात नको. त्यातून सावरायलाच दोन-तीन आठवडे जातात आणि तेवढेच तुमच्या हातात आहेत. २९ तारखेला ३०-३२ करा, पण कालच्यापेक्षा हळू, गप्पा मारता येतील अशा पेसने (वेगाने), पुढच्या रविवारी वीसेक, १२ जानेवारीला १२-१४ आणि बास. शेवटच्या दोन आठवड्यांत पाय उगाच जड वाटतात, इथे दुखतं तिथे दुखतं असं होतं, सगळ्यांनाच होतं, म्हणून घाबरून जास्तीचं पळायला जाऊ नका.
पेडर रोडचं म्हणाल तर आम्ही सातारा हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढणारी माणसं, आम्हाला तो चढ म्हणजे स्पीडब्रेकर. आमची हवा काढते ती मुंबईची दमट हवा. जानेवारीत साताऱ्यात स्वेटर घालून निघतो आणि तिकडे पाच किमीत बनियन पिळायची वेळ.

खडूस_पेसर
सातारकर, तुमचा घाट तुम्ही ताज्या पायांनी चढता हो. पेडर रोड जाताना लागतो तेव्हा अंधार असतो, पाय ताजे असतात, कळत पण नाही. परतीला तोच चढ तीस किमी ओलांडल्यावर येतो, शरीरातलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) संपत आलेलं असतं आणि डोक्यावर ऊन. लांबीला काहीच नाहीये, हाजीअलीपासून जसलोक हॉस्पिटलच्या पुढेपर्यंत, पण वेळ वाईट आहे त्याची.
मनूताई, खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो. सब-फाइव्ह म्हणजे किलोमीटरला ७:०६ (मिनिटं:सेकंद). प्रत्यक्षात गर्दीतून डावीउजवीकडे करत अंतर थोडं वाढतंच, त्यामुळे घड्याळात ७:०० तरी धरावा लागेल. २:२० च्या हाफवर कागदावर बसतं, पण पहिल्याच फुलला आणि मुंबईच्या हवेत मी ५ तास १५ मिनिटं धरेन. सुरुवातीला ७:२५-७:३० ने जा. गंमत अशी की पहिला अर्धा रस्ता फसवा आहे, मरीन ड्राइव्ह सपाट, गार वारा, मग सी लिंकवर उजाडायला लागतं, एरवी जिथे पायी पाऊल टाकायला बंदी तिथे आपण पळतोय म्हणून लोक सुसाट सुटतात, सेल्फी काढतात. तिथे तुम्ही मख्खासारखं पळायचं. शिवाजी पार्कला बरं वाटलं तर विचार करा, पेस वाढवायचा असला तर तो पेडर रोड उतरल्यावर.
आणि चढापेक्षा मला परतीच्या मरीन ड्राइव्हचा जास्त राग आहे. चौपाटीला वळलं की नरिमन पॉइंटच्या बिल्डिंगा दिसतात त्या जवळच येत नाहीत, सावलीचा पत्ता नाही. चढाचा सराव हवाच असेल तर येऊर आहे की ठाण्यात, एक-दोनदा जाऊन या, पण ५ तारखेनंतर नाही.

मिठाची_पुडी
वरच्यांनी पेस सांगितला, मी पाण्याचं सांगते (पेशाने डॉक्टर आहे). नुसतं पाणी पीत राहिलात तर पाच तासांच्या घामात गेलेलं मीठ भरून येत नाही, उलट रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, मळमळ, डोकं जड, बोटं सुजणं, आणि वाढलं तर प्रकरण गंभीर होतं. हळू पळणाऱ्यांनाच हा धोका जास्त, कारण ते प्रत्येक स्टेशनवर थांबून पितात. तहान लागेल तसं प्या आणि मधेमधे ओआरएस किंवा इलेक्ट्राल. एनर्जी जेल, शूज, मोजे, काहीही नवीन त्या दिवशी नको, २९ च्या रनला सगळं तेच वापरून बघा. काखेत, मांड्यांना व्हॅसलीन. छातीत दुखलं, गरगरलं तर थांबायचं, मेडल पुढच्या वर्षी पण मिळतं.
संक्रांत १४ ला आहे, गूळपोळी खुशाल खा. शुक्रवार-शनिवार वरणभात, बटाटा, तिखट आणि मिसळ बंद, शनिवारी रात्री उगाच ठासून जेवू नका.

मनू_ठाकुर्ली
सगळ्यांचे आभार! ३८ कॅन्सल. ५:१५ वाचून जरा खट्टू झाले, पण नवरा म्हणतो घरातल्यांना ५:३० सांग म्हणजे लवकर आलीस असं वाटेल. ट्रेनचं आणि उभं राहण्याचं कोणी सांगेल का?

कल्याण_फास्ट
ट्रेनची काळजी नको, मध्य रेल्वे रेससाठी कल्याणहून पहाटे तीनच्या सुमारास स्पेशल लोकल सोडते, पनवेलहून पण असते, वेळ आदल्या आठवड्यात पेपरात येते. डब्यात सगळे बिबवाले (बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर), कोणी केळं खातंय कोणी बाम चोळतंय, पूर्ण डबा आयोडेक्सचा वास. बिब मात्र आधीच बीकेसीच्या एक्स्पोमधून ओळखपत्र दाखवून घ्यायचा, रेसच्या दिवशी मिळत नाही. शनिवारी तुडुंब गर्दी असते, आधीच्या दिवशी उरकून घ्या.
घरच्यांना शिवाजी पार्कला उभं करू नका, तिथे तुम्ही मजेत असाल. पेडर रोडला बँड असतात, बिल्डिंगमधले लोक संत्री, चिक्की, बिस्किटं घेऊन उभे असतात, अनोळखी माणसं बिबवरचं नाव वाचून ओरडतात, तिथे गर्दी आपोआपच आहे. त्यांना चर्चगेट स्टेशनला उतरवून मरीन ड्राइव्हवर उभं करा, खडूस म्हणतो त्याच वैताग पट्ट्यात. एलिट, म्हणजे जिंकायला पळणारे अव्वल धावपटू, आपल्यानंतर दोनेक तासांनी सुटतात, मुलीला ते पण बघायला मिळतील. इथिओपियाच्या हायले लेमीने २०२३ मध्ये २:०७:३२ चा कोर्स रेकॉर्ड (या रेसचा विक्रम) केला ना, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं आणि वर एखादा सेकंद. पोरांना ते टीव्हीवर कळत नाही, समोरून गेल्यावर कळतं.
आणि हो, टॉयलेटची लाइन होल्डिंग एरियात (रेस सुटेपर्यंत थांबायच्या जागेत) शिरल्या शिरल्या धरा, हे कोणीच आधी सांगत नाही.

खडूस_पेसर
टॉयलेटला +१००. टिश्यू पण आपलेच न्या.