महिला फुटबॉलची गर्दी: खरी वाढ की मोठ्या सामन्यांपुरती लाट?

उत्तरलंडनकर
17 फेब्रुवारी 2024. लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमवर आर्सेनल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, महिलांचा लीग सामना. 60,160 प्रेक्षक, सगळी तिकिटं संपलेली. लेकीला घेऊन गेलो होतो. तरी आपल्या लोकांत ‘बायकांचा फुटबॉल बघतं कोण?’ हे अजून ऐकतो आणि चीड येते. ही गर्दी नवी नाही हो, परत आलेली आहे! 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज हा प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींचा संघ खेळला तेव्हा 53,000 लोक आत होते, हजारो दारातून परत गेले. वर्षभरात, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांसाठी योग्य नाही असं ठरवून संलग्न क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ही बंदी जवळपास 50 वर्षं टिकली. आधी मैदान काढून घ्यायचं आणि मग प्रेक्षक नाहीत म्हणायचं?

आकडेमोड
इतिहासाबद्दल दुमत नाही. पण एका सामन्यावरून वाढ सिद्ध होत नाही. 2024-25 मध्ये विमेन्स सुपर लीगची, म्हणजे इंग्लंडमधल्या महिलांच्या सर्वोच्च लीगची, सरासरी उपस्थिती आदल्या हंगामापेक्षा घसरली. आर्सेनलने त्याच हंगामात एमिरेट्स हे मुख्य मैदान केलं आणि तिथे सरासरी 25,000 च्या वर लोक आले, तरीही घसरली. आर्सेनल बाजूला काढा, मग उरतं काय ते बघा.

उत्तरलंडनकर
घसरण मान्य. 2022 चा महिला युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, इंग्लंडने लंडनच्या वेम्ब्लीवर 87,192 लोकांसमोर जिंकला, त्या उत्साहात आलेले सगळेच टिकले नाहीत. पण आर्सेनल बाजूला का काढायचं? त्यांनी वर्षानुवर्षं बोरहमवुडच्या छोट्या मैदानावर प्रेक्षक जोडले, मग मोठं मैदान घेतलं. बाकीच्यांनी तेवढी मेहनत करावी.

मिसूरीची_माई
दादा, मोठं मैदान हाच उपाय नाही. इथे अमेरिकेत 2001 ला सुरू झालेली महिलांची लीग 2003 मध्ये बंद पडली, दुसरी 2009 ते 2011 एवढीच चालली. 2013 ला सुरू झालेली तिसरी लीग, एनडब्ल्यूएसएल, टिकली. तिच्यातल्या कॅन्सस सिटी करंट या संघाने मार्च 2024 मध्ये खास महिला संघासाठी बांधलेलं 11,500 आसनांचं स्टेडियम उघडलं. पहिल्या हंगामात लीगचे सगळे सामने हाउसफुल! स्वतःचं मैदान असलं की तारखांसाठी पुरुष संघाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. साठ हजारांच्या स्टेडियममध्ये वीस हजार माणसं विखुरली तर टीव्हीवर ते रिकामंच दिसतं.

रविवारची_गाडी
वेळेबद्दल कुणीच का बोलत नाही? 2025-26 पासून इंग्लंडमधले बहुतेक सामने टीव्हीसाठी रविवारी दुपारी 12 ला. मँचेस्टरहून लंडनला मुलं घेऊन यायचं तर निघायचं किती वाजता? शिवाय मुलींच्या स्थानिक क्लबांचे सामने रविवारी सकाळीच असतात. ज्या मुलींनी स्टँड भरायचे, त्या त्याच वेळी स्वतः मैदानावर.

आकडेमोड
हा मुद्दा पटला. पण माझी खरी काळजी पैशाची आहे. रेडिंगचा महिला संघ 2023 पर्यंत सुपर लीगमध्ये होता. 2024 मध्ये क्लबने पैशाअभावी त्याला दुसऱ्या श्रेणीतूनही काढलं, थेट पाचव्या श्रेणीत. पुरुष क्लबची तिजोरी आटली की पहिला घाव महिला संघावर. तिकिटांवर स्वतःचा खर्च भागवणारे संघ किती आहेत, ते सांगा.

उत्तरलंडनकर
फार थोडे. म्हणूनच माईंचं स्वतःच्या मैदानाचं म्हणणं आता मला पटतंय. पण रेडिंगच्या मुलींना खाली ढकललं ते मालकाच्या निर्णयाने. त्याचं खापर प्रेक्षकांवर फोडू नका.